ट्रेल आणि जम्प, दोन्हींसाठी कोणती स्पोर्ट क्वाड घ्यावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारा मूळचा साताऱ्याचा, वय ३१, सध्या मिशिगनमध्ये डेट्रॉइटजवळ नोकरीला. उंची ५ फूट ७ इंच, वजन ६८ किलो. गावाकडे दहा वर्षं बाइक चालवली, घाटात भरपूर. क्वाड, म्हणजे चार चाकांची, हँडलवाली ऑफ-रोड गाडी (एटीव्ही), मात्र एकदाच, पाचगणीला भाड्याने घेऊन. आता स्वतःची स्पोर्ट एटीव्ही घ्यायची आहे. साधारण सत्तर टक्के वेळ जंगलातल्या ट्रेलवर जाईल, उरलेला जम्प मारण्यात. सगळं मिळून बजेट ७,००० डॉलर. मनात यामाहाची वायएफझेड ४५०आर आहे, मित्र म्हणतात यामाहाचीच रॅप्टर ७०० घे, आणि एकाकडे यामाहाचीच जुनी बॅन्शी स्वस्तात मिळते आहे. शेवटी विचारलंय की बायकोला मागे बसवून नेता येईल का.

दादा म्हणून लिहिलं आहेस, तेव्हा मीही अरे-तुरेच करतो. मी मिशिगनच्या ट्रेलवर वीसएक वर्षं क्वाड चालवतोय, आणि शनिवार-रविवारी ओळखीच्या लोकांच्या गाड्या गॅरेजमध्ये उघडतो. त्यामुळे कुठली गाडी काय झाल्यावर मोडते हे हाताला माहीत आहे.

माझं मत आधीच सांगतो, मग कारणं. तुझ्यासाठी चारशे सीसीच्या वर्गातली, चांगली ठेवलेली, रिव्हर्स गिअर असलेली जुनी क्वाड घे. पहिली पसंती सुझुकी क्वाडस्पोर्ट झेड४००, शक्यतो २००९ किंवा नंतरची; दुसरी होंडा टीआरएक्स ४००ईएक्स, २००५ किंवा नंतरची. बजेटमधले किमान दीड ते दोन हजार गाडीवर खर्चच करायचे नाहीत. ते सस्पेन्शन, बेअरिंगा आणि तुझ्या अंगावरच्या संरक्षणासाठी बाजूला काढायचे. सीसी किती, यावरून क्वाड निवडणारे खूप पाहिलेत. जंगलात दोन तासांनी हात गळून जातात तेव्हा सीसी कामाला येत नाही, आणि जम्पवरून खाली येताना तर अजिबातच नाही.

आता पाचगणीचा अनुभव बाजूला ठेव. तिथे, लोणावळ्यात किंवा गोव्यात भाड्याने मिळतात त्या बहुतेक ऑटोमॅटिक गाड्या असतात. स्पोर्ट क्वाड हा वेगळाच प्राणी आहे. हाताचा क्लच, पायाचा गिअर, मागे चेन, फक्त मागच्या चाकांना ताकद. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मागची दोन्ही चाकं रेल्वेच्या डब्यासारखी एकाच दांड्यावर पक्की बसवलेली असतात. डिफरन्शियल नसतं. वळताना आतलं चाक आणि बाहेरचं चाक सारख्याच वेगाने फिरतात, म्हणून गाडी सरळच जायला बघते. ती वळवायची तर अंग आतल्या बाजूला झोकून, बाहेरच्या फूटरेस्टवर भार देऊन, थोडा थ्रॉटल मारून मागचा भाग घसरू द्यावा लागतो. नुसतं हँडल फिरवून हे होत नाही.

बाइकवाल्याच्या दोन सवयी इथे मोडाव्या लागतील. एक म्हणजे मनगटाने रेस देण्याची. क्वाडला अंगठ्याने दाबायचा थ्रॉटल असतो आणि पहिल्या दिवशी अंगठ्याचं मूळ भरून येतं. ती सवय आठवडाभरात जाते. दुसरी सवय जास्त धोक्याची आहे, आणि घाटात बाइक चालवलेल्या प्रत्येक माणसात ती मुरलेली असते: तोल गेला की पाय जमिनीला टेकवायचा. क्वाडवर हे कधीही करायचं नाही. तुझा पाय जमिनीला लागतो, गाडी पुढे चाललेलीच असते, आणि मागचं रुंद चाक पोटरीवर चढून पायाला खाली ओढून घेतं. माझ्या पहिल्याच हंगामात हे माझ्याबरोबर झालं. चिखलातलं साधं वळण होतं, वेग पळण्याइतकाही नसेल. बूट उंच आणि कडक होते म्हणून घोटा वाचला, पण सहा आठवडे कुबडी घेऊन चाललो. त्या गाडीला नर्फ बार नव्हते. नर्फ बार म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकामध्ये, फूटरेस्टच्या बाजूला बसवलेली नळी आणि तिच्यात ताणलेली जाळी. फूटरेस्टवरून पाय सटकला तर तो जाळीत पडतो, चाकाखाली जात नाही. गाडी कुठलीही घे, पण नर्फ बार आणि जाळीशिवाय तिला पहिली किकसुद्धा मारू नकोस.

आता ट्रेल. मिशिगनमध्ये राज्याचे एटीव्ही ट्रेल ५० इंचांपर्यंतच्या रुंदीच्या गाड्यांसाठी आखलेले आहेत. त्याहून रुंद गाड्यांसाठी वेगळे मार्ग आहेत, आणि काही वाटा फक्त मोटारसायकलींच्या. हे ५० इंच लक्षात ठेवूनच गाडी निवडायची. वायएफझेड ४५०आर कारखान्यातूनच सुमारे ४९ इंच रुंद येते, कारण ती मोटोक्रॉस ट्रॅक डोळ्यांसमोर ठेवून बनवली आहे. रॅप्टर ७०० सुमारे ४६ इंच, झेड४०० आणि ४००ईएक्स त्याच्याच आसपास. तीन इंच ऐकायला काहीच वाटत नाही. पण सेंट हेलेन किंवा मायोकडच्या जंगलात जॅक पाइनची झाडं हँडलला घासून जातात, तिथे तीन इंच म्हणजे दर दहा मिनिटांनी एक धडक वाचणं. रुंद गाडी जम्पवर आणि वळणात स्थिर असते हे खरंच आहे. म्हणून बरेच जण जुन्या गाडीला लांब ए-आर्म (पुढचं चाक फ्रेमला जोडणारे दांडे) आणि रुंद अॅक्सल (मागच्या चाकांचा दांडा) बसवतात. अशी बदललेली गाडी घेणार असशील तर टेप घेऊन जा आणि टायरच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोज. ५१ भरली तर तुझे सत्तर टक्के ट्रेल तुला बंद.

ट्रेलवर दुसरी गोष्ट लागते ती रिव्हर्स. वायएफझेड ४५०आरला रिव्हर्स नाही. शर्यतीत तो लागत नाही. पण एकट्याने जंगलात चुकीच्या फाट्यावर शिरलास, समोर ओंडका आडवा पडलाय, आणि १८४ किलोची गाडी रेतीत हाताने मागे ओढायची आहे, हे दृश्य डोळ्यांसमोर आण. रॅप्टरला रिव्हर्स आहे, झेड४००ला आहे, ४००ईएक्सला २००५पासून आहे. म्हणूनच मी वर्ष सांगितलं.

तिसरी गोष्ट म्हणजे ताकद कुठे मिळते. ४५०च्या गाड्या रेसिंगसाठी ट्यून केलेल्या आहेत. वायएफझेडमध्ये ४४९ सीसीचं इंजिन आहे, पाच टायटॅनियम व्हॉल्व्हचं, आणि ते वरच्या आरपीएमला फुलतं. अरुंद वाटेवर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तुला सतत क्लच दाबत राहावं लागतं. पुढचं स्प्रॉकेट एक दाता लहान लावून हे बरंच सुधारतं, पण स्वभाव बदलत नाही. रॅप्टरचं ६८६ सीसीचं एकच मोठं सिलिंडर उलट आहे: खालूनच ओढतं, गिअर चुकला तरी चालून जातं. तेल-पेट्रोल भरून १९० किलोच्या आसपास वजन आहे, आणि ते दिवसाच्या शेवटी दंडात जाणवतं. झेड४०० या दोघींच्या मध्ये बसते. ३९८ सीसी, पाण्याने थंड होणारं इंजिन, सुझुकीच्या डीआर-झेड४०० बाइकमधून आलेलं. २००९पासून त्यात फ्युएल इंजेक्शन आलं, म्हणजे थंडीत कार्ब्युरेटरशी झटापट नाही. हीच गाडी काही वर्षं कावासाकी केएफएक्स४०० आणि आर्क्टिक कॅट डीव्हीएक्स४०० या नावांनीही विकली जायची, तेव्हा जाहिराती शोधताना ती दोन नावंही टाक. रंग वेगळा, गाडी तीच, आणि नाव कमी प्रसिद्ध असल्यामुळे पुष्कळदा भाव थोडा उतरलेला असतो. मात्र त्या दोन्ही कार्ब्युरेटरच्या काळातल्या आहेत.

होंडा ४००ईएक्सबद्दल मला माया आहे, हे आधीच कबूल करतो. १९९९ला आली, ३९७ सीसी, हवेवर थंड होणारं इंजिन, रेडिएटर नाही, म्हणजे फांदी घुसून रेडिएटर फुटण्याची भानगडच नाही. २००९पासून तिचं नाव टीआरएक्स ४००एक्स झालं आणि २०१४पर्यंत ती विकली गेली. तेल वेळेवर बदललं, एअर फिल्टर स्वच्छ ठेवला, तर हे इंजिन कंटाळत नाही. तिची कमजोरी पुढच्या शॉकमध्ये, म्हणजे शॉक अॅब्सॉर्बरमध्ये आहे. स्प्रिंगचा ताण सोडला तर तिथे फारसं काही जुळवता येत नाही, आणि मोठ्या जम्पवर ते तळाला आपटतात. नवे शॉक बसवले की गाडी ओळखू येत नाही.

हे सगळं जुन्या गाड्यांबद्दलच का बोलतोय? कारण २००४ ते २०१४ या दहा वर्षांत होंडा, सुझुकी, कावासाकी, यामाहा, कॅन-अॅम सगळेच ४५०च्या शर्यतीत होते, आणि मग एकेक करून बाहेर पडले. त्यानंतरची बरीच वर्षं शोरूममध्ये मोठी स्पोर्ट क्वाड म्हणून मुख्यतः रॅप्टर ७०० आणि वायएफझेड ४५०आरच उभी दिसायची. नव्या गाडीला कर आणि डीलरचे खर्च धरून तुझं बजेट पुरणार नाही.

आता जम्पकडे येतो. इथे मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण याच भागात माणसं मोडतात.

जम्प मारायला कुठलीही क्वाड चालते. चढावर वेग घेतला की चाकं जमीन सोडतात, त्यात कौशल्य नाही. प्रश्न उतरण्याचा. साधं गणित करू. तू दीड मीटर उंचीवरून सपाट जमिनीवर पडलास, तर जमिनीला लागताना खाली येण्याचा वेग ताशी साडेएकोणीस किलोमीटरच्या आसपास असतो. हा वेग शून्यावर आणायला गाडीकडे किती अंतर आहे? सस्पेन्शनचा प्रवास, म्हणजे चाक वर-खाली जितकं हलू शकतं तितकं, बस. तो २५ सेंटिमीटर धरला, तर थांबवण्याचा सरासरी जोर तुझ्या वजनाच्या सात पट होतो, आणि तोही शॉक अगदी आदर्श चालले तर. शॉकमधलं तेल जुनं झालं असेल, गॅस गेला असेल, तर पहिले पंधरा सेंटिमीटर गाडी फुकट खाली जाते आणि उरलेला सगळा धक्का शेवटच्या दहा सेंटिमीटरमध्ये येतो. तो मनगटात, गुडघ्यात आणि कमरेत जातो. कट्ट्यावरून उडी मारताना आपण गुडघे वाकवतो त्याचं कारण हेच आहे. क्वाडवर तुझे वाकवलेले गुडघे म्हणजे आणखी तीस सेंटिमीटरचा शॉक आहे. म्हणून जम्पवर कधीही सीटवर बसून राहायचं नाही.

हेच गणित उतारावर उतरलास तर बदलतं. हवेतून येण्याची तुझी दिशा आणि जमिनीचा उतार जितके जुळतील, तितका जमिनीत घुसणारा वेग कमी. चांगल्या ट्रॅकवर दीड-दोन मीटरच्या उड्या मऊ वाटतात त्या यामुळे. वाळूच्या टेकडीवर अंदाज चुकला आणि उताराच्या पलीकडे सपाटीवर पडलं, तर तीच उंची हाड मोडते. मिशिगनमधल्या सिल्व्हर लेकच्या वाळूच्या टेकड्यांत जाशील तेव्हा हे विसरू नकोस. वाऱ्याने टेकडीची पलीकडची बाजू रातोरात कापली जाते. काल जिथे उतार होता तिथे आज सरळ कडा असतो. आधी चढून थांबायचं, पलीकडे डोकावायचं, मगच.

म्हणून जम्पसाठी गाडी निवडताना मी क्रमाने हे बघतो: सस्पेन्शनचा प्रवास किती, शॉक जुळवता येतात का, आणि शॉक आत्ता जिवंत आहेत का. वायएफझेड ४५०आरला मागे सुमारे ११ इंच प्रवास आहे, पुढे सुमारे पावणेदहा, आणि पुढे-मागे पूर्ण जुळवता येणारे शॉक. रॅप्टर ७००ला पुढे सुमारे ९, मागे सुमारे १०. तिच्या साध्या मॉडेलमध्ये पुढच्या शॉकला फक्त स्प्रिंगचा ताण बदलता येतो. ७००आरमध्ये कॉम्प्रेशन आणि रिबाउंडही. जम्प मारणाऱ्याने रॅप्टर घेतलीच तर आरच घ्यावी.

कॉम्प्रेशन म्हणजे शॉक दबताना किती विरोध करतो, आणि रिबाउंड म्हणजे दबल्यानंतर किती वेगाने परत उघडतो. नवशिके सगळं लक्ष कॉम्प्रेशनवर देतात. माझा अनुभव असा की अपघात रिबाउंड करतो. मागचा शॉक फार झटकन उघडत असेल, तर जम्पच्या कडेवरून सुटताना गाडी मागून लाथ मारते, मागचा भाग वर जातो, नाक खाली, आणि पुढच्या चाकांवर आपटायची वेळ येते. उलट फार सावकाश उघडत असेल, तर मिशिगनच्या रेताड ट्रेलवर जे एकामागोमाग एक खड्डे-उंचवटे असतात, ज्यांना इथे वूप्स म्हणतात, त्यांत शॉक पुन्हा उघडायच्या आत पुढचा उंचवटा येतो. चार-पाच उंचवट्यांनंतर शॉक तळाला चिकटून बसतो आणि गाडी लाकडाच्या फळीसारखी होते. जम्प आणि ट्रेल दोन्ही हवेत म्हणतोस ना, तर तुझी मुख्य तडजोड इथे आहे. रिबाउंडचा स्क्रू एका वेळी दोन क्लिक फिरव, तोच शंभर मीटरचा तुकडा पुन्हा चालव, आणि वहीत लिहून ठेव.

त्याआधी स्प्रिंग. हेल्मेट, बूट, सगळं घालून गाडीवर उभा राहा आणि गाडीच्या आणि तुझ्या मिळून वजनाने सस्पेन्शन पूर्ण उघड्या स्थितीपासून किती खाली जातं ते दुसऱ्याला मोजायला सांग. एकूण प्रवासाच्या साधारण एक तृतीयांश बसलं पाहिजे. तुझं वजन ६८ आहे, वर सामान सात-आठ किलो. आधीचा मालक शंभर किलोचा असेल आणि त्याने जाड स्प्रिंगा टाकल्या असतील, तर गाडी तुझ्याखाली दबणारच नाही, दगडावर दगडासारखी उडत राहील. विकणाऱ्याला त्याचं वजन विचारायला लाजू नकोस. शॉक सर्व्हिस करणाऱ्याला तुझं वजन आणि तू कुठे चालवतोस हे सांगितलं की तो तेल, सील, गॅस आणि स्प्रिंग बघून देतो. माझ्या मते क्वाडवर खर्च केलेला याहून चांगला डॉलर नाही. सायलेन्सर बदलून आवाज वाढवण्यात तर पैसे घालूच नकोस. मिशिगनमध्ये आवाजाची मर्यादा ९४ डेसिबल आहे, ठिणगी अडवणारी जाळी सक्तीची आहे, आणि शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास झाला की शेवटी ट्रेल बंद होतात. ट्रेल वाचवणं हे आपलंच काम आहे.

बॅन्शीबद्दल. मोह समजतो. १९८७ ते २००६, ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक. तिचा आवाज आला की मी अजूनही हातातलं काम टाकून बघतो. वाळूच्या टेकडीवर ती सुंदर धावते. पण तुझ्यासाठी नको. तिची ताकद खाली नसते आणि वर एकदम येते. अरुंद वाटेत झाडाच्या दोन फूट अलीकडे अशी ताकद येऊन काय करायची? रिव्हर्स नाही, उतारावर इंजिनचा ब्रेक जवळजवळ नाही, आणि स्वस्तात मिळणारी बॅन्शी बहुतेक वेळा कुणीतरी इंजिन उघडून खेळलेली असते. तीनेक वर्षांनी, हात बसल्यावर, दुसरी गाडी म्हणून घे.

जुनी गाडी तपासायला जाशील तेव्हा विकणाऱ्याला आधीच सांग, इंजिन थंड ठेव. गेल्यावर सिलिंडरला हात लाव. गरम असेल तर त्याने आधीच चालू करून ठेवलंय, म्हणजे थंडीत सुरू होण्याची अडचण असू शकते. मग सीट काढ, एअर बॉक्स उघड, फिल्टर बाजूला करून इंजिनकडे जाणाऱ्या नळीच्या आत पांढऱ्या फडक्याने पूस. धूळ आली तर उठ आणि घरी ये. रेती इंजिनात गेलेली गाडी कितीही चकचकीत असली तरी तिचे रिंग-पिस्टन गेलेले असतात. बाकी सगळ्या तपासण्या मिळून वाचवतात तितके पैसे ही एकटी वाचवून देते.

पुढचा भाग जॅकवर उचल. चाक वर-खाली हलवून बघ, बॉल जॉइंटमध्ये (ए-आर्मच्या टोकाचा गोल सांधा) खडखड आहे का; डावीकडे-उजवीकडे हलव, टाय रॉडचं (हँडलची हालचाल चाकाला देणारा दांडा) टोक ढिलं आहे का. मागचा भाग उचलून चाक फिरव आणि अॅक्सलच्या टोकाकडे बघ. टोक लटपटताना दिसलं तर अॅक्सल वाकलाय, आणि वाकलेला अॅक्सल म्हणजे कुणीतरी जोरात उतरलंय. मग फ्रेम नीट बघ: ए-आर्म जिथे जोडलेत ते कान, फूटरेस्टचे जोड, स्विंगआर्मचा (मागचा अॅक्सल धरणारा हात) बोल्ट. ताज्या रंगाचा एखादा ठिगळ दिसला तर तिथे नखाने खरवड, वेल्डिंग लपवलेलं असतं. झेड४००मध्ये इंजिनातली टायमिंग चेन ताणून धरणाऱ्या भागाचा (टेन्शनर) दोष प्रसिद्ध आहे. इंजिन सुरू असताना बाजूने टरटर आवाज येतो का ऐक. भाग स्वस्त आहे, पण दुर्लक्ष केलं तर चेन उडी मारते. आणि वायएफझेडच पाहिलीस तर व्हॉल्व्हचं अंतर शेवटचं कधी तपासलं ते विचार. टायटॅनियम व्हॉल्व्ह एकदा झिजायला लागले की झपाट्याने जातात. उत्तर देताना मालक अडखळला तर समजून घे.

फ्रेमवरचा १७ अक्षर-अंकांचा नंबर आणि टायटलवरचा, म्हणजे मालकीच्या कागदावरचा, नंबर जुळला पाहिजे. टायटल हरवलंय, नंतर पाठवतो, असं म्हणणाऱ्याकडून गाडी घ्यायची नाही, किंमत कितीही कमी असो.

टायर लहान गोष्ट वाटते, पण मोटोक्रॉसचे टायर लावलेली गाडी ट्रेलवर नेलीस तर दगडावर रिम वाकतील. मोटोक्रॉसला मागे १८ इंची, पातळ, हलके टायर घालतात. जंगलासाठी पुढे २१ किंवा २२ आणि मागे २० इंची, सहा प्लायचे (थरांचे, जाड) घे. हवा चार ते सहा पीएसआय, आणि त्यासाठी कमी दाब दाखवणारा वेगळा गेज लागतो. कारचा गेज इथे निरुपयोगी.

तुझ्या अंगावरचं: पूर्ण तोंडाचं ऑफ-रोड हेल्मेट, गॉगल, गुडघ्याखालपर्यंतचे मोटोक्रॉस बूट, छातीचं कवच, गुडघ्याची पॅड, हातमोजे. हेल्मेट आणि बूट नवेच. आणि हँडलला मनगटाशी दोरीने बांधलेला किल स्विच. तू पडलास की दोरी सुटते, इंजिन बंद. दीडशे किलोहून जड लोखंड तुझ्यामागून चालू स्थितीत येऊ नये म्हणून.

पहिले दोन महिने जम्प नाही. ट्रेल चालव, वूप्समध्ये उभं राहून चालव. नंतर तुझ्या घरापासून जवळ पडेल ते होली ओक्स. वाळू-खडीच्या जुन्या खाणींत २०२०ला सुरू झालेलं पार्क आहे, तिथे वेगवेगळ्या उंचीच्या टेकड्या मिळतात. टेबलटॉपपासून सुरुवात कर, म्हणजे वर चढ, मध्ये सपाट, पुढे उतार असा सलग ढिगारा. कमी पडलास तरी मध्ये खड्डा नसतो. चढावर थ्रॉटल एकसारखा ठेव. कडेवर घाबरून सोडलास की नाक पडतं. हवेत नाक फार वर वाटलं तर मागचा ब्रेक हलकेच दाब, नाक खाली येतं. नाक पडत असेल तर थ्रॉटल दे, फिरणाऱ्या चाकांमुळे ते वर येतं. हे हवेत खरोखर घडतं, पण ती दुरुस्ती थोडीच असते, चुकीच्या उडीवरचा इलाज नव्हे. जमिनीला लागताना थोडा थ्रॉटल चालू असू दे. चारही चाकं एकदम, किंवा मागची क्षणभर आधी. आणि प्रत्येक ट्रॅक आधी पायी चालून बघायचा, उतरण्याच्या बाजूला कुणी पडलेलं दिसणार नाही असा जम्प असेल तर तिथे मित्राला उभं करायचं.

तुझं प्रमाण उलट असतं, म्हणजे सत्तर टक्के जम्प आणि तीस टक्के ट्रेल, तर मी डोळे मिटून वायएफझेड ४५०आर सांगितली असती. माझ्याकडे एक आहे आणि ट्रॅकवर तिच्यासारखं सुख नाही. पण जंगलात जायचं असतं त्या दिवशी मी आजही ट्रेलरवर जुनी ४००ईएक्सच चढवतो. तुझ्याकडे पिकअप नसेल तर ५ बाय ८ फुटांचा साधा ट्रेलर पुरतो. आधी तुझ्या कारची ओढण्याची क्षमता तपास, चार पट्टे बांध आणि पहिल्या दहा मैलांनंतर थांबून पुन्हा ताण.

राहिला बायकोचा प्रश्न. नाही, मागे बसवायचं नाही. स्पोर्ट क्वाड एकट्यासाठी आहे, तसा इशारा गाडीवरच छापलेला असतो. लांब सीट दिसते ती तू पुढे-मागे सरकावंस म्हणून. मागे माणूस बसला की तुला अंग झोकता येत नाही, वजन मागच्या अॅक्सलच्या मागे जातं आणि चढावर गाडी पालथी होते. तिला खरंच आवड असेल तर तिच्यासाठी वेगळी होंडा टीआरएक्स २५०एक्स बघ. २२९ सीसी, रिव्हर्स आहे, आणि तिचा स्पोर्टक्लच असा आहे की क्लच हाताने वापरला तरी चालतो, नाही वापरला तरी गाडी बंद पडत नाही. माझ्या बायकोने त्यावरच शिकून घेतलं. दोन गाड्या परवडत नसतील तर यंदा तुझी गाडीही हजारभर डॉलरने स्वस्त घे आणि उरलेले तिच्या हेल्मेट-बुटांसाठी ठेव. रविवारी आळीपाळीने चालवा. जो खाली थांबेल तो उतरण्याच्या बाजूला उभा राहून हात दाखवेल. नाहीतरी तिथे कुणीतरी लागतंच.